पहिल्यांदा कोणी पाहिला

माणूस कवळी न्यायला येतो आणि कवळी काउंटरवरच टाकून पळून जातो, असं तुमच्याकडे कधी झालंय? माझ्याकडे झालंय.

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर मेणात दात बसवायचे, घासायचे, चकचकीत करायचे. त्या दिवशी एक उंच, जरासा वाकून चालणारा मुलगा आजोबांची कवळी न्यायला आला. मी डबी उघडून त्याला समजावत होते, "हे बघा, वरचा जबडा सैल वाटला तर लगेच घेऊन या, उगाच..." आणि याचं लक्षच नाही! हा आपला माझ्या डोक्यावरून खिडकीबाहेर बघतोय. मग एकदम म्हणाला, "एक मिनिट हं," आणि गेला की बाहेर!

मी कवळी घेऊन त्याच्यामागे धावले. अंगात ॲप्रन, मास्क हनुवटीवर, हातात कुणाचे तरी दात. लोक बघायला लागले. हा मात्र फुटपाथवर मान वर करून उभा.

"अहो! आजोबांचे दात!"

"शू..." तो म्हणाला. शू! मला! "समोरच्या इमारतीवर बघा. वरून तिसऱ्या मजल्याची कड... बहिरी ससाणा."

भांडायलाच तोंड उघडलं होतं मी. पण बघितलं. कडेवर एक करडा पक्षी बसला होता, छातीवरची पिसं वाऱ्याने हलत होती. बघता बघता त्याने स्वतःला खाली झोकून दिलं आणि दगडासारखा सरळ आला. आमच्या डोक्यावरून वळून दिसेनासा झाला, तरी माझं तोंड उघडं ते उघडंच.

"दिसला?" त्याने विचारलं, आणि तेव्हा कुठे पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"दिसला," मी म्हणाले. भांडण गेलं कुठल्या कुठे.

ही झाली तीन महिन्यांपूर्वीची गोष्ट. तो घड्याळं दुरुस्त करतो. स्टेशनजवळच्या गल्लीत त्याचं कपाटाएवढं दुकान आहे, म्हणून सगळे त्याला घड्याळवाला म्हणतात. त्याच्यामुळे मी पक्षी बघणाऱ्यांच्या गटात शिरले. तिथे मला टपाल भेटली, म्हणजे टपाल वाटणारी एक गोल चेहऱ्याची, अखंड बडबडणारी मुलगी. दोन आठवड्यांत ती माझी जिवलग मैत्रीण झाली. आणि गटाच्या प्रमुख म्हणजे सिस्टर. मोठ्या हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या नर्स. त्यांच्याकडे एक जाड वही असते. पक्षी, वेळ, जागा, आणि शेवटचा रकाना — 'पहिल्यांदा कोणी पाहिला'. त्या रकान्यापुढे गटातली मोठमोठी माणसंही शाळेतल्या पोरांसारखी होतात.

आता त्या रविवारचं सांगते.

वसंत नुकता लागला होता. समुद्रावर जायचं ठरलं, पहाटे निघून संध्याकाळी परत. व्हॅन चालवायला काका, म्हणजे सिस्टरचे यजमान. मागे आम्ही तिघं. सहल साधी नव्हती बरं का. किनाऱ्यापासून आत समुद्रात एक बेट आहे. उत्तरेकडे परतणारे पक्षी तिथे विसावा घेतात, आणि गटातली दोन माणसं दर वर्षी सहा आठवडे तिथे राहून त्यांची मोजणी करतात. एक जागा घड्याळवाल्याला मिळाली होती. तीन वर्षं तो त्यासाठी झुरत होता. दुसऱ्या जागेसाठी सुट्टी मिळू शकणाऱ्या आम्ही दोघीच, मी आणि टपाल.

"वशिला नाही, चिठ्ठ्या नाहीत," सिस्टर पुढच्या सीटवरून म्हणाल्या. "आज जेवणाच्या शिट्टीपर्यंत जिच्या नावावर जास्त पक्षी, ती जाणार."

टपाल पाच वर्षं येत होती. रजा साठवून ठेवली होती बिचारीने. आणि मी? मला बेट हवं होतं का? हवं होतं. पण बेट हवं होतं की बेटावर जाणारा हवा होता, हे मला विचारू नका. मीच मला रोज विचारत होते आणि रोज वेगळं उत्तर येत होतं.

त्यात या माणसाची तऱ्हा! व्हॅनमध्ये माझ्या शेजारी बसला. माझी दुर्बीण न विचारता घेतली, काचा पुसून दिल्या, पट्टा माझ्या मापाचा केला. मला वाटलं, आता बोलेल. तर हा खिडकीबाहेर! मी विचारलं, "बेटावर जायची तयारी झाली?" तर म्हणाला, "हं." नुसतं हं. आता या 'हं'चा अर्थ काय लावायचा माणसाने?

किनाऱ्यावर ओहोटी होती. ओल्या वाळूवर ऊन पसरलेलं, खडकांच्या फटींतून पिवळी फुलं डोकावत होती आणि वारा इतका लाडात आलेला की केस बांधून उपयोगच नव्हता. सिस्टर वही घेऊन एका खडकावर बसल्या. जोड्याही त्यांनीच लावल्या. टपाल आणि काका एका बाजूला, मी आणि घड्याळवाला दुसऱ्या. काकांनी दहा मिनिटांत टोपी तोंडावर घेतली आणि घोरायला लागले. टपाल बिचारी एकटीच दोघांचं काम करत होती.

आणि मी? मी त्या दिवशी काय सुटले होते म्हणून सांगू!

"सुरय!" मी ओरडले. चोचीत मासा घेऊन एक पांढराशुभ्र सुरय लाटेवरून गेला.

"अरे वा," घड्याळवाला म्हणाला. "माझं लक्षच नव्हतं."

"तुतवार! तो बघ, दगडाशेजारी, शेपूट हलवतोय!"

"कुठे? ...हो की. कमाल आहे तुझी."

मग दोघं एकदम "शेकाट्या!" म्हणालो आणि एकदम हसलो. लांब लाल पाय टाकत तो पाण्यातून कसा चालत होता, भिजू नये म्हणून धोतर सावरणाऱ्या म्हाताऱ्यासारखा! हसताना घड्याळवाल्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला. त्याने तो काढला नाही. मीही काढला नाही. सिस्टरनी लांबून विचारलं, "कोणाच्या नावावर?" तर तो पटकन म्हणाला, "तिच्या!"

"आज घड्याळ बंद पडलंय वाटतं!" टपाल पलीकडून ओरडली. "एरवी आम्हाला एक पक्षी ठेवत नाही हा!"

तो कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. मला वाटलं, माझ्या शेजारी बसल्यामुळे याचं लक्ष उडालंय. काय गोड वाटलं मला ते! वेडीच मी.

साडेअकराला सहा-सहा बरोबरी झाली. घड्याळवाला उठला. "मी जरा पाणी भरून आणतो. तू तोवर टेलिस्कोपमधून त्या काळ्या खडकांकडे बघ. तिथे काहीतरी असेल."

तो गेला. मी टेलिस्कोपला डोळा लावला आणि... आई गं! काळा-पांढरा, टपोरा, आणि चोच तर गाजरासारखी. डोळ्यासमोर, अगदी मधोमध. चोच फटीत घालून शिंपला उघडत होता.

"कालवफोड्या!" मी उड्या मारत ओरडले. "सिस्टर, कालवफोड्या!"

"शाब्बास! सात!" सिस्टर म्हणाल्या आणि लिहायला लागल्या. टपालने लांबून दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या.

पुन्हा बघावं म्हणून मी टेलिस्कोप जरा डावीकडे सरकवायला गेले. सरकेना. स्टँडचा स्क्रू घट्ट पिळलेला. आम्ही बघताना स्क्रू नेहमी सैल ठेवतो, नाहीतर फिरवणार कसा? पक्षी सापडला, तो दुसऱ्याला दाखवायचा असला, की मगच स्क्रू पिळतात.

मी पिळला नव्हता. मग कोणी?

खाली बघितलं. त्याची बाटली वाळूत ठेवलेली. गळ्यापर्यंत भरलेली.

माझं डोकंच चालेना. म्हणजे यानं पक्षी बघितला. नीट मधोमध आणला. आणि घड्याळवालाच तो, हातातला स्क्रू सैल ठेवणं त्याच्या रक्तातच नाही! पिळला, आणि भरलेली बाटली इथे विसरून पाणी भरायला निघून गेला. मग सुरय? तुतवार? "माझं लक्षच नव्हतं"? अरे, ज्याला माझ्या डोक्यावरून इमारतीच्या कडेवरचा ससाणा दिसतो, त्याला समोरचा तुतवार दिसत नाही?

तो खडकामागून रिकाम्या हाताने परत येत होता. मी त्याला तिथेच गाठलं.

"पाणी भरलंस?"

"हो... म्हणजे... नळ बंद होता."

"किती?"

"काय किती?"

"माझ्या सातांतले किती तू आधी पाहिलेस?"

त्याने चपलेने वाळूत एक खड्डा केला. मग तो बुजवला. "पाच," तो म्हणाला. "म्हणजे... साडेपाच. शेकाट्या आपण एकदम पाहिला."

"साडेपाच!" मला हसू यायला लागलं आणि त्याचाच राग आला. "म्हणजे माझा दीडच पक्षी? सकाळपासून मी दीड पक्ष्यावर नाचतेय?"

"तुला दिसलेच असते. थोडा वेळ लागला असता, इतकंच."

"का केलंस?"

त्याने चपलेने दुसरा खड्डा सुरू केला.

मी मनातल्या मनात बोटं मोजली. एक, याला माझी कीव आली. आंधळ्या बाईला रस्ता ओलांडून द्यावा तसं. दोन, याला टपाल बेटावर नको आहे. तीन... तिसरं बोट मी उघडलंच नाही. कारण तिसरं खरं असलं तर मला नाचावंसं वाटत होतं, आणि खोटं असलं तर तिथेच वाळूत डोकं खुपसावंसं.

"टपाल चांगली आहे," तो म्हणाला. "पण सहा आठवडे ती बोलत राहील. मला कधी..."

"हे कारण आहे?"

"नाही."

"मग?"

तो एक पाऊल पुढे आला. वाऱ्याने माझे केस माझ्याच तोंडात जात होते. त्याने हात वर केला, केसांपर्यंत आणला, आणि... सिस्टरची शिट्टी! जेवायला चला! त्याने तोच हात स्वतःच्या डोक्यावरून फिरवला, जणू उचलला होता त्यासाठीच. मला रडावं की त्याला चिमटा काढावा, तेच कळेना.

जेवायला चादर अंथरली होती. उकडलेली अंडी, पाव, संत्री. काकांना आपोआप जाग आली. मी पावाचा तुकडा नुसता कुसकरत बसले. सात पक्षी. बेट. सहा आठवडे. हा आणि मी. नुसतं गप्प बसायचं होतं, बाकी सगळं आपोआप होणार होतं. गप्प बसायला काय लागतं? आणि वहीत लिहिलं गेलंच होतं की! मी काही खोटं बोलले नव्हते. मी पाहिले ते खरेच पाहिले होते... असं मी स्वतःला तीनदा समजावलं. तिसऱ्यांदा तर मलाही जवळजवळ पटलं.

तेवढ्यात टपाल माझ्या शेजारी येऊन बसली आणि पायातले गमबूट ओढून काढायला लागली.

"हे काय गं?"

"घे. आपला नंबर एकच आहे. बेटावर गुडघाभर चिखल असतो, तुझ्या त्या कापडी बुटांचं काय होणार तिथे?" ती हसत होती, पण डोळे लाल झाले होते तिचे. "अगं, बघतेस काय? जिंकलीस तू. मी पुढच्या वर्षी जाईन. माझी रजा काही नासत नाही."

तिच्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. ती तशीच, ओल्या वाळूत पाय ठेवून, मला बूट देत होती.

मी उठले.

"सिस्टर, माझे पक्षी खोडा."

"काय?"

"सातांतले... दीड ठेवा. बाकीचे माझे नाहीत. मी पहिल्यांदा पाहिले नाहीत."

सिस्टरनी चष्मा नाकावर खाली घेतला. हॉस्पिटलात त्यांना बघून डॉक्टर का घाबरत असतील, ते मला तेव्हा समजलं. "मग कोणी पाहिले?"

मी खाली बघितलं. त्याचं नाव माझ्या जिभेवर येईना. तीन वर्षं झुरला होता तो त्या बेटासाठी. मी म्हणाले, "माहीत नाही."

"मी पाहिले," घड्याळवाला म्हणाला. तो उभा राहिला होता. हातात सोललेलं अर्धं संत्रं. "मी आधी पाहिले आणि बोललो नाही. तिला माहीत नव्हतं. तिला आत्ता, जेवायच्या आधी कळलं."

टपालने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं! मी तिला पहिल्यांदाच गप्प बघत होते.

सिस्टरनी वही उघडली. एकेक ओळ पट्टीने खोडली, वेळ लिहिली, शेजारी सही केली. मग म्हणाल्या, "माझ्या वॉर्डात एकीने चार्टवर ताप खोटा लिहिला होता. पेशंटला बरं वाटावं म्हणून. मन चांगलंच होतं तिचं. पण दुसऱ्या दिवसापासून मी तिला चार्टला हात लावू दिला नाही. बेटावर मोजायला माणूस लागतो, रे. दिसलं ते तिथल्या तिथे सांगणारा."

"हो," तो म्हणाला.

"यंदा तू जाणार नाहीस."

"हो."

"टपाल जाईल. दीड पक्ष्यावर बेट मिळत नाही, तेव्हा तिच्याबरोबर मी."

"अगं, मग मला जेवायला कोण घालणार?" काका दचकून म्हणाले.

"हात आहेत ना दोन? अंडी उकडायला शिका!"

टपाल आधी काकांवर हसली, मग माझ्या गळ्यात पडून रडली, मग म्हणाली, "वेडे, बूट दे माझे." सगळं एका दमात. बूट घालून ती उठली आणि घड्याळवाल्याच्या पाठीत एक सणसणीत धपका घातला. "गाढवा! मला सांगायचंस ना! मी स्वतः हिच्या नावावर दहा पक्षी लिहवून घेतले असते!" सिस्टरनी तिच्याकडे असं काही बघितलं, की ती आपली संत्र्याची सालं गोळा करायला लागली.

संध्याकाळी सामान व्हॅनकडे न्यायचं होतं. टेलिस्कोप त्याच्या खांद्यावर, स्टँड माझ्याकडे. बाकीचे पुढे गेले. भरती चढत होती आणि आम्ही दोघं पाण्याच्या कडेकडेने, एकमेकांपासून बरोबर एक माणूस मावेल इतक्या अंतरावर चाललो होतो. समोर दूर समुद्रात ते बेट दिसत होतं. मला त्याच्याकडे बघवेना. बेटाकडेही आणि याच्याकडेही.

"रागावलास?" मी विचारलं.

"नाही." मग थोडं चालल्यावर, "वाईट वाटतंय. खूप. तीन वर्षं..." त्याने बेटाकडे बघितलं. "आणि बरंही वाटतंय. कसं ते कळत नाही."

"मलाही काहीच कळत नाहीये. सकाळपासून. तुझ्यामुळे माझ्या डोक्याची नुसती खिचडी झालीय."

"माझ्यामुळे?"

"मग कोणामुळे? दुर्बीण पुसतोस आणि 'हं' म्हणतोस. पक्षी देतोस आणि कारण सांगत नाहीस. हात उचलतोस आणि स्वतःचंच डोकं खाजवतोस! माणसाने समजायचं तरी काय?"

तो थांबला. मीही थांबले. पाणी आमच्या पायांवरून गेलं, परत गेलं. तो काहीतरी बोलणार, बोलणार... आणि त्याने टेलिस्कोप या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतला आणि चालायला लागला.

बस्स! माझा संयम संपला.

"हे बघ!" मी ओरडले. "पुन्हा तेच! समोर सगळं दिसतंय तुला, आणि निघालास बाटली भरायला!"

तो वळला. इतका गोंधळलेला चेहरा मी माणसाचा पाहिला नव्हता. मग एका श्वासात, जणू पाठ केलेली कविता विसरण्याआधी म्हणून टाकावी तसं, म्हणाला, "मला तू आवडतेस. मला बेट हवं होतं, पण तुझ्यासकट. तू नसलीस तर मी तिथे सहा आठवडे काय बघितलं असतं, मला खरंच माहीत नाही. तुला तोंडावर विचारायची हिंमत नव्हती, म्हणून पक्षी... चुकलंच माझं. टपालचीही माफी मागायचीय. पण आवडतेस. हे खरं आहे. झालं. सांगितलं."

म्हणजे तिसरं बोट! मला वाटलं होतं, तिसरं बोट खरं निघालं की मी नाचेन. पण मी आपली स्टँड कवटाळून उभी. आणि एकदम माझ्या लक्षात आलं की यात मला आश्चर्य असं काही वाटलंच नव्हतं. मला ठाऊक होतं. कधीपासून कोण जाणे, पण ठाऊक होतं. खांद्याला लागलेला खांदा काय, कानाच्या पाळ्या काय... सगळं बघत होते मी, आणि वर गोंधळ झाला म्हणून त्याच्यावरच ओरडत होते.

"काहीतरी बोल ना," तो म्हणाला.

"मला आधीच दिसलं होतं," मी हळूच म्हणाले.

"काय?"

"तुझं. आणि... माझंही. मीही बोलले नाही."

तो बघतच राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं, पार डोळ्यांपर्यंत. दात मात्र छान आहेत हं त्याचे, अगदी एका ओळीत. त्याने टेलिस्कोप वाळूत ठेवला, माझ्या हातातला स्टँड घेऊन तोही ठेवला, आणि दुपारी अर्ध्यावर राहिलेला हात या वेळी माझ्या केसांपर्यंत आणला.

"मग तूही माझ्याइतकीच लबाड," तो म्हणाला. "सिस्टरना सांगूया?"

"नको!" मी घाबरून म्हणाले. "त्या आपल्याला दोघांनाही गटातून काढतील!"

लांबून काका हॉर्नवर हॉर्न देत होते, आणि टपाल त्यांना ओरडून सांगत होती की बंद करा तो हॉर्न, पक्षी उडतील.